रस्ता सर्वांचा, भाव कुणाचा?

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूरकडे निघा, नाहीतर सोलापूर रस्त्याने दौंडकडे निघा. दोन्ही रस्त्यांच्या कडेला फलकांची रांग लागलेली दिसते. 'एमआयडीसीपासून पाच मिनिटांवर', 'हायवे टच', 'रेल्वे स्टेशन जवळ', 'शाळा, दवाखाना हाकेच्या अंतरावर', 'गुंठ्याचे प्लॉट सुलभ हप्त्यावर'. हे फलक नीट वाचले पाहिजेत. जमीन काळी आहे की मुरमाड, तिच्यात ज्वारी पिकते की ऊस, याबद्दल त्यावर अक्षरही नसते. म्हणजे तिथे विकली जाते ती माती नव्हे. विकला जातो तो मातीच्या शेजारचा रस्ता, शेजारचा कारखाना, शेजारचे स्टेशन आणि शेजारची शाळा. मग आमचा साधा प्रश्न आहे. हा रस्ता, हे स्टेशन, ही एमआयडीसी कुणाच्या पैशातून उभी राहिली? आणि त्यामुळे वाढलेला भाव कुणाच्या खिशात गेला?

शिरूर तालुका एकेकाळी कोरडवाहू म्हणून ओळखला जाई. तिथे रांजणगावला औद्योगिक वसाहत झाली ती कुणा शेठ-सावकाराच्या गाठीतून नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ खाली सरकारने जमिनी संपादित केल्या, रस्ते केले, पाणी आणले, वीज आणली. त्यानंतर एलजी, व्हर्लपूल, फियाट अशा कंपन्या आल्या. २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच रांजणगावात सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचा ४९२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. पुणे ते शिरूर सुमारे ५३ किलोमीटरचा उन्नत मार्ग राज्य सरकारने मंजूर केला. मंजुरी कागदावर असतानाच रस्त्याकडेच्या जमिनीचे दलाल जागे होतात, हे वेगळे सांगायला नको.

दौंडची गोष्ट रेल्वेची. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. २०१७ मध्ये पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाले, डेमू गाडी सुरू झाली आणि पुण्यात नोकरी करून दौंड, केडगाव, यवतला राहणे शक्य आहे असे लोकांना वाटू लागले. खडकवासल्याचा कालवा तालुक्यातून गेला म्हणून ऊस उभा राहिला. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली. २०१५ मध्ये पीएमआरडीए स्थापन झाले आणि शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांचा काही भाग त्याच्या हद्दीत गेला. या सगळ्यात खासगी मालकाचे कर्तृत्व किती? रस्ता, रेल्वे, कालवा, वसाहत, सगळा पैसा जनतेचा. त्या जनतेत काडेपेटी विकत घेताना कर भरणारा भूमिहीन मजूरही आला. पण भाव वाढला तो ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याचा. त्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या मजुराचे नाव ना सातबाऱ्यावर, ना मोबदल्याच्या यादीत. जमीनवाल्याने मोबदल्यातून खोल्या बांधल्या, गाळे काढले आणि कारखान्याच्या कंत्राटी कामगारांकडून भाडे घेतले. शेतमजुराच्या हाती आला तो कंत्राटदाराचा गेटपास. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, याहून वेगळे काय आहे?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९१८ मध्ये हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर त्यांनी निबंध लिहिला. शेतीवरचा अतिरिक्त भार उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय शेतीचे दुखणे बरे होणार नाही, हे त्यांनी त्यात मांडले. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि जातपात न पाहता गावकऱ्यांना ती कसायला द्यावी, अशी योजना त्यांनी घटनाकारांपुढे ठेवली. ती योजना स्वीकारली गेली नाही. उद्योग आला, पण जमिनीची मालकी होती तिथेच राहिली. म्हणून रांजणगाव-कुरकुंभला कारखाने आले तरी त्यांच्याभोवतीची संपत्ती जुन्याच उतरंडीने वाटली गेली.

या व्यवहारात आमच्या समाजाने आता डोळे उघडून पाहिली पाहिजे अशी एक बाब आहे. मनुवादी गावरचनेने आमची वस्ती गावकुसाबाहेर ठेवली. गावठाणात आम्हाला जागा नव्हती, म्हणून ओढ्याकाठी, पांदीच्या कडेला, शिवेजवळ आमची घरे आणि वतनाचे तुकडे. पुढे महामार्ग आला तो गावठाण फोडून आला नाही, गावाबाहेरूनच गेला. त्यामुळे अनेक गावांत कालची 'गावाबाहेरची' जागा आज रस्त्याकडेची जागा झाली आहे. ज्या जमिनीकडे काल कुणी ढुंकून पाहत नव्हते, तिच्याभोवती आज मोटारी फिरतात. जातीने स्वस्त केलेली जमीन रस्त्याने महाग केली. हा इतिहासाने केलेला न्याय म्हणावा, तर तो पदरात पडण्याआधीच जमीन हातची जाते आहे.

महार वतनाचेच पाहा. १८७४ च्या वतन कायद्याने आमच्या पूर्वजांना गावकीच्या वेठीला बांधले. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी त्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, कारण वतन ही मालकी नसून गुलामीची साखळी आहे हे त्यांनी जाणले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायद्याने ही वतने संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर पुन्हा वतनदारांना देण्यात आल्या. आज सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले दिसते ते त्यामुळे. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते.

कायदा असा आहे, पण व्यवहार कसा चालतो? नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकरांचे प्रकरण उजेडात आले. जमीन मूळ महार वतनाची, सातबाऱ्यावर नाव सरकारचे, व्यवहार कुलमुखत्यारपत्राच्या आधारे, किंमत ३०० कोटी आणि मुद्रांक शुल्क अवघे ५०० रुपये! बोभाटा झाला, गुन्हे दाखल झाले, व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली. मुंढवा शहरात आहे, म्हणून निदान वर्तमानपत्रांत आले. शिरूर-दौंडच्या एखाद्या वाडीतील दीड एकराची बातमी कोण छापणार?

वकिली व्यवसायात आमच्यापुढे येणारी कागदपत्रे पाहिली की पद्धत एकच दिसते. आधी आजाऱ्याच्या दवाखान्याला किंवा मुलीच्या लग्नाला उसने पैसे दिले जातात. मग नोटरीपुढे 'विसारपावती' होते. मग न बदलता येणारे म्हणून कुलमुखत्यारपत्र होते, ताबा दिल्याचे लिहून घेतले जाते आणि अंगठा उठतो. दोन वर्षांनी शेजारून रस्ता जाहीर होतो. दलालाला तो आधीच ठाऊक असतो, मालकाला मात्र बुलडोझर आल्यावर कळतो. आमच्या बांधवांनी लक्षात ठेवावे की, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट निकाल दिला आहे : नुसत्या कुलमुखत्यारपत्राने किंवा साठेखताने जमिनीची मालकी बदलत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीची जमीन बेकायदा बळकावणे, तिला तिच्या जमिनीतून हुसकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ च्या कलम ३ खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा' असे सांगितले जाते, तेव्हा हे कलम त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरी बाजू विकत घेणाऱ्यांची. बाबासाहेबांच्या पुण्याईने आमचा माणूस शिकला, रेल्वेत लागला, बँकेत लागला, शिक्षक झाला. निवृत्तीचा पैसा हाती आला की त्याला चार भिंतींची हक्काची जागा हवीशी वाटते. यात वावगे काहीच नाही. उलट, ज्या समाजाला शतकानुशतके मालकीचा अधिकार नाकारला गेला, त्याने मालक झालेच पाहिजे. पण फलक पाहून गुंठा घेणे म्हणजे 'पी हळद आणि हो गोरी' असा प्रकार आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे सांगणारा दलाल त्या गुंठ्याचा स्वतंत्र सातबारा निघेल का, हे सांगत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र ठरलेले असते. २०२३ च्या अधिसूचनेने पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले. त्याहून लहान तुकडा विकायचा म्हणून दहा-अकरा अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवली जातात. मग एकाने कर्ज काढले, एक मेला, एकाने जास्त जागा अडवली की सगळेच कोर्टात. २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढून जुने तुकडे नियमित करण्याची वाट मोकळी केली. पण नियमित झालेल्या तुकड्याला रस्ता आपोआप मिळत नाही, गटार मिळत नाही आणि सदोष खरेदीखत निर्दोष होत नाही.

म्हणून जागा घेण्याआधी आमच्या बांधवांनी पुढील गोष्टी पाहाव्यात. सातबारा आणि आठ-अ सोबत मागचे सर्व फेरफार वाचा. तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. 'वर्ग १' आहे की 'वर्ग २', हे पाहा. आपल्याच समाजाच्या कुणा गरिबाची वतनी जमीन फसवून घेतलेली नाही ना, याचीही खात्री करा, कारण तसे असेल तर तो प्लॉट घेणे कायद्याने धोक्याचे आणि नीतीने लाजिरवाणे आहे. बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन मागा. विकायची एकूण जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्या प्लॉटच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते, तिचा क्रमांक मागा. मोजणीची 'क' प्रत पाहा. फलकावरचा चाळीस फुटी रस्ता नकाशात आहे की फक्त चुन्याने आखलेला आहे, ते तपासा. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

कागदानंतर जागेवर जा, आणि उन्हाळ्यात जा. 'एमआयडीसी जवळ' याचा अर्थ नोकरी जवळ असा असतो, तसा धूर आणि सांडपाणी जवळ असाही असतो. कुरकुंभ परिसरातील माणसाला विहिरीच्या पाण्याबद्दल आणि रात्रीच्या वासाबद्दल विचारा. 'नदीकाठचा निसर्गरम्य प्लॉट' असे कुणी सांगितले तर ध्यानात ठेवा की पुणे शहराचे मैलापाणी घेऊन आलेली मुळा-मुठा हवेली-दौंडच्या गावांतून वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. 'स्टेशन जवळ' असेल तर आपल्या पाळीच्या वेळेला गाडी आहे का, हे पाहा. शिरूरला रेल्वे नाही, तिथला सगळा भार रस्त्यावर. शिक्रापूरच्या चौकात चाकणची आणि नगरची वाहने एकत्र येतात, तेव्हा 'पुणे चाळीस मिनिटे' या फलकाचा खरा अर्थ कळतो. नळाला किती दिवसांआड पाणी येते, शाळा दहावीपर्यंत आहे का, बाळंतपणाची सोय रात्री किती अंतरावर, हे तिथल्या बाईला विचारा. या सुविधांचे खरे मोल तिच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

आणि एक सुविधा अशी, जी कुठल्याच फलकावर लिहीत नाहीत, पण जिच्यावर भाव ठरतो. ती म्हणजे शेजार. 'चांगली वस्ती', 'सुसंस्कृत लोक', 'फक्त शाकाहारी' या शब्दांआड काय दडलेले असते ते आम्हाला शिकवायला नको. १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांसारख्या विद्वानाला राहायला जागा मिळाली नाही. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम म्हणून घर नाकारले जाते, हेच त्यातही दिसले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेची आपल्याच समाजापुरते सभासदत्व ठेवणारी उपविधी वैध ठरवली. अशा निकालांचा आडोसा जातीयवादी घेतात. पण नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चे कलम ४ कोणत्याही भागात घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा मानते. हे कलम किती जणांना ठाऊक आहे?

शेजाराचा प्रश्न फक्त मानाचा नाही, जिवाचाही आहे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात अभिवादनाला आलेल्या भीमसैनिकांवर हल्ले झाले, गाड्या जाळल्या गेल्या, स्थानिक बौद्धांच्या घरादुकानांची नासधूस झाली. ज्या पट्ट्यात जमिनीचे भाव गगनाला भिडले होते, त्याच पट्ट्यात आमच्या माणसाने कष्टाने उभे केलेले दुकान तासाभरात राख झाले. भावाच्या तक्त्यात महामार्गाचा रकाना असतो, सुरक्षिततेचा रकाना नसतो. तो आम्हालाच मांडावा लागेल.

आता सरकारच्या दानतीचा हिशेब. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने खरेदीची मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला एकरी ८ लाख ठरवली. एकराचे गुंठे चाळीस. म्हणजे बागायतीला गुंठ्याला वीस हजार आणि जिरायतीला साडेबारा हजार. शिक्रापूर, रांजणगाव, यवत, पाटस या पट्ट्यात वीस हजारांत गुंठा दाखवा, असे आमचे सरकारला जाहीर आव्हान आहे! घरकुलासाठी जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत आधी ५० हजार मिळत, नंतर ते १ लाख करण्यात आले. ५०० चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठाही नाही. ज्या गावात सरकारनेच महामार्ग आणि वसाहत आणून भाव चढवला, त्या गावात सरकारच जुन्या भावाने जमीन शोधायला सांगते. ज्या दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखोंच्या तुरुंगभरतीने सरकारला हलवले, त्यांच्या नावाच्या योजनेची ही थट्टा आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, सबळीकरण योजनेची आणि घरकुल जागेची खरेदी मर्यादा त्या त्या गावाच्या शीघ्रसिद्ध गणकाशी जोडा. सरकार मुद्रांक शुल्क वसूल करताना जो भाव खरा मानते, तोच भाव गरिबाला जमीन देताना खोटा कसा ठरतो? दुसरी, शिरूर आणि दौंड तालुक्यांतील महार वतनाच्या जमिनींची गाववार यादी तहसीलदारांनी जाहीर करावी, आज ताबा कुणाचा आणि कशाच्या आधारे, हे त्यात असावे. तिसरी, गायरानावरील १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अनुसूचित जाती-जमातींची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. त्याखालील पात्र दावे निकाली काढल्याशिवाय कुणाच्या झोपडीवर आणि पिकावर जेसीबी घालू नका. चौथी, कारखान्यांच्या करामुळे ज्या ग्रामपंचायतींचे उत्पन्न वाढले आहे, त्यांनी मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी कुठे खर्च केला याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. समाजमंदिराला तिसऱ्यांदा रंग दिला म्हणजे निधी खर्च झाला असे आम्ही मानणार नाही. आमच्या वस्तीला बंद गटार, पिण्याचे पाणी, वहिवाटीचा रस्ता आणि दिवे हवेत. सुविधेने भाव वाढतो, हे बिल्डरला कळते. मग आमच्या वस्तीला सुविधा मिळाली की आमच्या घरांचेही मोल वाढते, आमच्या मुलालाही त्या घरावर कर्ज मिळते, हे आम्हालाही कळले पाहिजे.

मागण्या सरकारकडे, पण काही काम आपले आपणच करायचे आहे. प्रत्येक गावातील विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास सातबारा वाचनाला द्या. गावातील शिकलेल्या मुलांनी वडीलधाऱ्यांचे उतारे काढून आणावेत, फेरफार वाचून दाखवावेत, वर्ग २ ची नोंद समजावून सांगावी. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला दलालाच्या दारात जाण्याआधी समाजातून उसनवारी मिळेल, असा छोटा निधी उभारा. नोकरदारांनी एकेकट्याने चुन्याच्या रेघांतला गुंठा घेण्यापेक्षा सहकारी गृहनिर्माण संस्था काढून, बिगरशेती झालेली आणि मोजलेली जागा एकत्र घ्यावी. तिथे अभ्यासिका असेल, दवाखाना असेल, आणि कोण कुठल्या जातीचा हे कुणी विचारणार नाही.

उन्नत मार्गाचे खांब उभे राहतील, गाड्या वाढतील, नवे फलक लागतील आणि भाव आणखी चढतील. तो रस्ता आपल्या जमिनीच्या कडेने जाणार असेल, तर बांधवांनो, त्याच्या आधी कुणालाही अंगठा देऊ नका. आणि तो आपल्या वस्तीला वळसा घालून जाणार असेल, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा की जोडरस्ता कुठे आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र तलाठी कार्यालयाच्या दारातही तेवढाच लागू पडतो.

जयभीम!